मान वर न करणारे पक्षी

क्लिफर्ड आमच्याकडे कामाला आला त्या पहिल्याच सकाळी मी त्याला भांडुपच्या बांधावर चार माणसांसमोर चांगलाच झापला होता. त्याने काम वाईट केलं नव्हतं. उलट फारच देखणं केलं होतं, आणि तिथेच घोळ झाला होता.

आमचं काम आधी सांगते, म्हणजे मी का भडकले ते कळेल. मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला हायवे ओलांडला की मिठागरं लागतात, मग तिवरांचं रान आणि त्याच्या पलीकडे ठाण्याची खाडी. ओहोटीला तिथे नजर पोचेल तिथवर चिखल उघडा पडतो. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत त्या चिखलावर हजारो फ्लेमिंगो आणि बारकेसारके असंख्य पाणपक्षी चरत असतात. आमची संस्था त्यांची मोजणी करते. पूर्वी आम्ही बोटीत बसून दुर्बिणी लावून मोजायचो. पुढच्या रांगेतले पक्षी दिसायचे, मागचे त्यांच्या आड जायचे, आणि दोघांनी मोजलं की दोन आकडे आणि वर एक भांडण. आता ड्रोन वरून सरळ रेषेत फिरवतात, खालचे फोटो काढतात, ते फोटो गोधडीच्या तुकड्यांसारखे एकमेकांना जोडतात, आणि मी ऑफिसात बसून एकेका पक्ष्यावर टिंब ठेवते. मी म्हणजे शर्मिष्ठा. जन्म मुलुंडचा, शिक्षण प्राणिशास्त्राचं, आणि स्वभाव, ऑफिसातल्या लोकांच्या मते, कडुलिंबाचा.

या कामात नियम एकच. तुम्ही वर आहात हे पक्ष्यांना कळता कामा नये. पक्षी चरत असतो तेव्हा त्याची मान खाली असते. जरा संशय आला की मान वर होते. आणखी संशय आला की तो उडतो, त्याच्या मागे शेजारचा उडतो, आणि बघता बघता सगळा थवा हवेत. मग मोजणार काय, कपाळ? शिवाय ओहोटीच्या तेवढ्याच वेळात ज्यांना पोट भरायचंय त्यांना आपण भरल्या ताटावरून उठवलेलं असतं. म्हणून ज्या फोटोत माना वर दिसतात तो फोटो आम्ही बाद करतो.

क्लिफर्डला हे सगळं नीट सांगितलं होतं. पण तो गडी लग्नाचे व्हिडिओ काढणारा. बोरिवलीहून खाडी ओलांडली की पलीकडे गोराई, ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव. तिथला तो. बाप मासे मारायचा आणि भाजीचा मळाही राखायचा. क्लिफर्डने कॅमेरा धरला. गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात ज्या जोडप्याचं लग्न त्याने काढलं नाही ते जोडपं एक तर पळून गेलेलं असायचं किंवा परदेशात लग्न केलेलं. त्या बाजूला पहिला ड्रोनही त्यानेच आणला, आणि त्या ड्रोनवर स्वतःचा म्हणून एक शॉट बसवला. ड्रोन आधी गावाच्या कौलांवर, नारळांच्या शेंड्यांच्याही वर. मग तो हळूहळू खाली यायला लागायचा, थेट अंगणात उभ्या असलेल्या नवरीच्या डोक्यावर. नवरी मान खाली घालून उभी. नेमक्या वेळी तिने मान वर करायची, हसायचं, आणि सगळा पडदा तिच्या चेहऱ्याने भरून जायचा. बास. पुढे कितीही बँड वाजो आणि पानात कितीही डुकराचं इंद्याल वाढलं जावो, लोक त्या शॉटसाठी व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावायचे.

आता नेमकी वेळ कुठली हे नवरीला कोण सांगणार? ते सांगायची यव्होन, क्लिफर्डची बायको. बॅटऱ्यांची पिशवी खांद्याला लावून ती कायम त्याच्या बाजूला उभी असायची, त्याच्या हातातल्या स्क्रीनवर डोळा ठेवून. ड्रोन पुरता खाली आला की ती खणखणीत हाक मारायची, "बग गो वरती, बाय!" आवाज असा की नवरीच काय, शेजारच्या आळीतली म्हातारीही वर बघायची.

तर त्या पहिल्या सकाळी यव्होनही पिशवी घेऊन आली होती. क्लिफर्डने सगळ्या रेषा बिनचूक उडवल्या. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्याला खाली गुलाबी पक्ष्यांचा एक दाट घोळका दिसला, आणि हाताला जी सवय होती ती हाताने केली. ड्रोन सरळ खाली. यव्होनच्या घशाला जी सवय होती ती घशाने केली. "बग गो वरती, बाय!" पुढच्या क्षणी अख्खी खाडी उडाली.

सुंदर दिसलं, नाही असं नाही. पंखांखालचा तो लालभडक रंग, आणि चिखलावर धावणाऱ्या त्यांच्या सावल्या. पण माझ्या हाती आलेल्या एका फोटोत सगळ्या माना वर होत्या आणि पुढच्या फोटोत नुसता चिखल. मी तोंड सोडलं. क्लिफर्ड ऐकून घेत होता. यव्होन मध्ये पडली.

"त्याला नको ओरडूस, बाय. हाक मी मारली."

"तुमच्या हाकेने उडाले नाहीत ते. ड्रोनने उडाले."

"मंग माझी हाक फुकट गेली म्हणायची," ती म्हणाली, आणि हसत सुटली. मग पिशवीतून फुगे काढले. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, आतून पोकळ. मी रागात दोन खाल्ले, मग राग गेल्यावर आणखी दोन.

तो हिवाळा चांगला गेला. क्लिफर्ड शिकला, लवकर शिकला. यव्होन जमेल तेव्हा यायची, बांधावर छत्री रोवून बसायची. वारा देवनारच्या बाजूने वळला की कचऱ्याचा वास यायचा, मग रुमाल नाकाला लावून तिथल्या सगळ्या अधिकाऱ्यांचा एकत्र उद्धार करायची. क्लिफर्ड तिला म्हणायचा, "हळू बोल, पक्षी उडतील." ती म्हणायची, "उडूदेत, पाय मोकळे होतील त्यांचे." मी कामाच्या जागी फार बोलणाऱ्यांना जवळ करत नाही. हिला केलं.

पुढच्या पावसाळ्यात यव्होनला कावीळ झाली आणि आठवड्याभरात ती गेली.

मी गोराईला गेले होते. फेरीबोटीत निम्मं गाव काळ्या कपड्यांत होतं. क्लिफर्ड चर्चच्या पायरीवर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत. त्यांची एकुलती एक मुलगी बेव्हर्ली, बोरिवलीच्या एका शाळेत शिकवते, ती बाजूला रडून रडून सुजली होती. माझा हात हातात घेऊन क्लिफर्ड म्हणाला, "बोट लवकर मिळाली ना? आज गर्दी हाय." मी हो म्हटलं. त्याने मान डोलावली आणि पुढच्या माणसाचा हात धरला.

हिवाळा आला तेव्हा मला वाटलं, हा काही परत येत नाही. आला. ड्रोनची पेटी एका खांद्याला आणि बॅटऱ्यांची पिशवी दुसऱ्या. आणि काय उडवायला लागला! मी इतकी वर्षं या कामात आहे, असं उडवणं पाहिलं नाही. ड्रोन वर गेला की गेला. कुठे झटका नाही, वळण नाही, मोह नाही. त्याच्या खाली एकही मान वर होत नसे. हजारो पक्षी चरताहेत, एकमेकांना ढकलताहेत, मान वाकडी करून उलट्या चोचीने चिखल गाळताहेत, आणि त्यांच्या डोक्यावरून हा माणूस जातोय आणि कोणाला पत्ताच नाही. वरच्या लोकांनी आमच्या फोटोंचं कौतुक केलं. मी तसं त्याला सांगितलं.

"बरं," तो म्हणाला.

लग्नाची कामं त्याने बंद केली होती. मी कारण विचारलं तर म्हणाला, "खाली यायला लागतं." मी वाट पाहिली, पण वाक्य संपलं होतं.

त्याचा डबा मी बघायची. बघायची म्हणजे चोरून नाही, समोरच तर बसायचो. बेव्हर्ली पहाटे उठून भरून द्यायची. तो झाकण काढायचा, आत बघायचा, पावाचा एक तुकडा मोडायचा, हातात धरून खाडीकडे बघत बसायचा, मग तुकडा परत डब्यात. घरी जाताना सगळं बांधावरच्या कुत्र्यांना. कुत्री बाळसं धरत होती आणि क्लिफर्डच्या पँटला पट्टा लागला होता. मी एकदा ओरडले त्याच्यावर. तो म्हणाला, "भूक लागली की खाईन." रागावलेला नव्हता, दुःखी दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हता. मला त्याच्यापेक्षा रडणारा माणूस परवडला असता.

असे दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात एक पत्रकार बाई ऑफिसला आल्या. त्यांना एकच हवं होतं, आकडा वाढला का? मी म्हटलं, फ्लेमिंगोंचा वाढला. त्यांनी लगेच लिहून घेतलं. म्हटलं, थांबा, बाकीचं पण लिहा. मी स्क्रीनवर त्यांना ऐरोलीच्या बाजूचा एक मोठा पट्टा दाखवला. गुलाबी ठिपक्यांनी भरलेला. जवळ आणून दाखवला. पक्षी होते, पण चरत नव्हते. एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. ओहोटीची वेळ, म्हणजे जेवणाची वेळ, आणि नुसते उभे. त्यांच्या पायांमधून जे बारके चिखलपक्षी, तुतवार वगैरे, तुरुतुरु धावायला हवेत ते तर जवळजवळ नाहीतच. शहराचं सांडपाणी आणि गाळ साठून साठून त्या चिखलातलं त्यांचं खाणं संपत आलं होतं.

"पण मॅडम, पक्षी तर आलेत ना?" त्या म्हणाल्या. "वरून किती सुंदर दिसतंय."

"वरून सगळंच सुंदर दिसतं. पक्षी आले म्हणजे खाडी बरी आहे असं नसतं. खाताहेत का ते बघायचं."

"मग न खाता येतात कशाला?"

"सवयीने."

बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी छापून आलं, खाडी गुलाबी झाली म्हणून. मी तो पेपर कुठे ठेवला ते सांगण्यासारखं नाही. पण त्या बाई बसल्या होत्या तेव्हा क्लिफर्ड कोपऱ्यात लेन्स पुसत होता. त्या गेल्यावर तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि त्या पट्ट्याकडे बघत राहिला.

"हे किती दिस येतील?"

"कोण?"

"हे. नुसते उभे राहणारे."

"सवय मोडेपर्यंत."

त्याने ते ऐकलं, मान डोलावली आणि जाऊन पुन्हा लेन्स पुसायला लागला.

तोवर बेव्हर्लीचं लग्न ठरलं होतं. यव्होनची वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावरच बोलणी सुरू झाली. मुलगा उत्तनचा, ॲश्टन नावाचा, मोटारीच्या शोरूममध्ये कामाला. नाताळात साखरपुडा झाला आणि ईस्टरनंतरची तारीख धरली. क्लिफर्डने सगळं रीतसर केलं. आमंत्रणं, चर्च, बँड, मांडव. त्याला कोणी नावं ठेवू शकलं नसतं.

एका दुपारी बेव्हर्ली शाळा सुटल्यावर तशीच मुलुंडला आमच्या ऑफिसात आली. बाप समोर बसलेला, पण ती बोलत होती माझ्याशी.

"आंटी, तुम्हीच सांगा याला. साखरपुड्याचा व्हिडिओ काढला याने. बघितलात तुम्ही?"

मी नव्हता बघितला. तिने मोबाईल माझ्या पुढ्यात धरला. गोराईचं ते अंगण मला ओळखू आलं. मांडवाच्या आत-बाहेर करणारी माणसं, सरळ वरून. काळे ठिपके डोक्यांचे, रंगीत ठिपके साड्यांचे. ड्रोन या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषेत गेला, वळला, आणि शेजारच्या रेषेने परत आला. पुन्हा वळला. आमच्या मोजणीत उडवतो तसा. खालच्या एकाही माणसाने वर बघितलं नव्हतं.

"यातली मी कुठली ते सांगा," बेव्हर्ली म्हणाली. मला सांगता येईना. "डॅडी, तू माझा साखरपुडा मोजलास."

क्लिफर्ड म्हणाला, "सगळे आलेत त्यात. कोण सुटलं नाय."

"मम्मीने मला लहानपणापासून सांगितलंय, तुझ्या लग्नात डॅडी आकाशातून खाली येईल आणि मी तुला हाक मारीन. मम्मी नाही. ठीक आहे. तू तर ये ना खाली! लग्नाच्या आदल्या दिवशी, उंबराच्या पाण्याला, अंगणात. एक शॉट. गावातल्या प्रत्येक पोरीसाठी केलास."

"दुसरा कोणी बोलव. मढचा एक पोरगा चांगला करतो."

"मला दुसरा नको. तू येणार नसशील तर व्हिडिओच नको मला. आणि मग चर्चमध्ये माझा हात धरूनही नको चालूस. तिथे पण वरूनच चालशील."

ती रडायला लागली. तो उठला, पाण्याचा ग्लास आणून तिच्यापुढे ठेवला, आणि पुन्हा जागेवर बसला. एवढंच. मला इतका संताप आला, की म्हटलं, याला आता खाडीत ढकलावा. बेव्हर्ली गेल्यावर मी दार लावून घेतलं.

"क्लिफर्ड, ती एकुलती एक आहे तुझी."

"म्हायती हाय."

"मग?"

तो म्हणाला, "वरून बघितलं की मना काय होत नाय, शर्मिष्ठा. तोंडं दिसत नाय कुणाची. हा एवढा, हा एवढा, संपलं. खाली आलो की तोंड येणार स्क्रीनभर. मंग काय होईल मना नाय ठाऊक. हात हालला तर मशीन तिच्या डोक्यात जाईल." त्याने स्वतःचा हात टेबलावर ठेवून बघितला. तो अजिबात हलत नव्हता. "बघ," तो म्हणाला. "असाच ऱ्हाऊदे."

मी दार उघडलं आणि आपल्या टिंबांकडे वळले.

ईस्टर झाला. लग्नाच्या आठवड्यात तो रजेवर जाण्याआधी माझ्या टेबलाशी आला आणि ड्रोनच्या पेटीचा पट्टा नीट करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "उंबराच्या पाण्याला ये. जरा लवकर ये. बॅटऱ्यांची पिशवी धरायला कोणतरी पायजे." यव्होन गेल्यापासून त्याने कोणाकडे काही मागितलेलं ते पहिलंच. मी म्हटलं, येते. आणि बोटीत बसेपर्यंत मला धड जेवण गेलं नाही.

उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशीचा त्यांचा मोठा सोहळा. बायका लुगडी नेसून, डोक्यावर घडे घेऊन, बँड लावून विहिरीवर जातात. तिथून वाजतगाजत पाणी आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. मी पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मांडवाच्या बाहेर, मोकळ्या अंगणात, बेव्हर्ली लाल लुगडं नेसून उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती. शॉट होणार की नाही हे तिला त्याने सांगितलं नव्हतं, मलाही नाही. मला वाटतं त्यालाही माहीत नव्हतं.

विहिरीकडून बँड जवळ येऊ लागला तसा क्लिफर्डने ड्रोन उडवला. मी पिशवी खांद्याला लावून त्याच्या डाव्या हाताला उभी राहिले, जिथे यव्होन असायची. स्क्रीनवर कौलं दिसली, नारळ दिसले, पलीकडे समुद्राची पट्टी, आणि वाटेवरून येणारी बायकांची रांग. मुंग्यांएवढी. तो त्यांच्या डोक्यावरून सरळ गेला, वळला. सरळ आला, वळला. म्हटलं, हा मोजतोय. हा पुन्हा मोजतोय.

बायका अंगणात शिरल्या. बँडवाल्यांना सगळं ठाऊक होतं, गावातलेच होते. त्यांनी वाजवणं थांबवलं. बेव्हर्लीने मान खाली घातली.

आणि ड्रोन खाली यायला लागला.

हळू. फारच हळू. स्क्रीनवर अंगण मोठं होत गेलं. बाकीची माणसं एकेक करून कडेने बाहेर गेली. राहिला लाल लुगड्याचा एक ठिपका, मग खांदे, मग केसांतली वेणी, मग भांगाची रेघ. क्लिफर्डचे अंगठे दगडासारखे स्थिर होते. घोंघाट तेवढा वाढला होता. ड्रोन जिथे थांबायचा तिथे आला आणि थांबला.

बेव्हर्ली वर बघेना.

मान खाली, डोळे जमिनीवर, हात लुगड्याच्या काठाला घट्ट. सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. कोणीतरी खोकलं. मला आधी कळेचना की ही थांबली आहे कशासाठी. मग कळलं. गोराईतली कुठलीही पोरगी त्या शॉटला आपणहून वर बघत नसे. हाक आल्यावर बघायची. ती थांबली होती हाकेसाठी. क्लिफर्डने सगळं ठरवलं असेल, उंची, उजेड, वारा, परवानगी. हाक मारायला कोणी नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ती हाक त्याला कधी मारावी लागलीच नव्हती.

पिशवी माझ्या खांद्यावर होती. हाक मला पाठ होती. पण ती माझी नव्हती, आणि माझं तोंड उघडलं नाही.

ड्रोन तसाच घोंघावत राहिला. क्लिफर्डने स्क्रीनवरून नजर काढली आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या जागेकडे. तिथे दुसरीच बाई उभी होती. मग त्या माणसाच्या तोंडून, जो दोन वर्षं चार शब्दांच्या वर बोलला नव्हता, असा आवाज निघाला की बँडवाल्याचा हात झांजेवर आपटला.

"बग गो वरती, बाय!"

बेव्हर्लीने वर बघितलं. हसली की रडली ते मला सांगता येणार नाही, कारण पुढच्याच क्षणी स्क्रीनवर आकाश, मग कौलं, मग मांडवाचं कापड असं सगळं गरगरलं. क्लिफर्डचे हात हलायला लागले होते. नुसते हात नाही, सगळा माणूस. तेवढं भान मात्र त्याला राहिलं की त्याने मशीन तिच्यापासून लांब ओढलं. ड्रोन मांडवाच्या छतावर जाऊन पडला आणि कापडात गुरगुरत बसला. क्लिफर्ड होता तिथेच मातीत बसला आणि मोठ्याने रडला. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, सगळ्या गावासमोर, लहान पोर रडतं तसा. बेव्हर्ली लाल लुगडं सावरत धावत आली आणि त्याच्याजवळ बसली. घडे घेतलेल्या बायका तशाच उभ्या होत्या. त्यांच्या घड्यांतलं पाणी हिंदकळत होतं. मी पिशवी पोटाशी धरून रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तो मुलीचा हात धरून चालला. वाकडातिकडा चालला, पण चालला.

पुढच्या आठवड्यात क्लिफर्ड कामावर आला. ड्रोनचा एक पाय मोडला होता, तो दुरुस्तीला द्यायचा होता. आधी त्याने त्यातलं कार्ड माझ्या मशीनला लावलं. "बघूया," म्हणाला. लग्नानंतर त्याने ते उघडलंच नव्हतं.

ड्रोनला आवाज टिपता येत नाही. त्यामुळे मोठ्या स्क्रीनवर सगळं मुक्याने चाललं होतं. खाली येणारं अंगण, भांगाची रेघ. मग ते गरगरणं. बेव्हर्लीचा चेहरा क्षणभर येतो आणि जातो. आणि कॅमेरा कलंडला त्या एका क्षणी सगळं अंगण चौकटीत आलेलं, जरा तिरकं. मी तिथे थांबवलं.

सगळ्या माना वर होत्या. बायका, बँडवाले, शेजारी, कुंपणावर बसलेले, सगळ्यांनी दचकून माना वळवलेल्या, आणि ड्रोनकडे नाही, चौकटीच्या कडेला जिथून हाक आली तिथे. एकटी बेव्हर्ली तेवढी आकाशाकडे बघत होती. कडेला क्लिफर्ड होता, तोंड उघडं, आणि त्याच्या बाजूला पिशवी घेतलेली मी.

सवयीने माझा हात टिंबांकडे गेला होता. मी तो मागे घेतला.

क्लिफर्ड खुर्ची ओढून बसला होता. त्याने तो फोटो या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, मग उलटा बघत आला.

"सगळे डिस्टर्ब झालेत," तो म्हणाला.

"एकजात."

"आपल्या नियमाने बाद."

"बाद," मी म्हटलं.

त्याने पुसायचं बटण दाबलं नाही. मीही नाही. तो पुन्हा एकदा बघायला लागला, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत, हळूहळू, रांगेने. शेवटचं बोट त्याने माझ्यावर ठेवलं, पिशवीवर, आणि तिथेच ठेवून दिलं.

"यव्होन नाय दिसत कुठं," तो म्हणाला.

ती गेल्यापासून त्याने तिचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "नाही दिसत."

त्याने डोळे पुसले. मग पिशवीतून डबा काढला. बेव्हर्ली आता उत्तनला, त्यामुळे डबा त्याने स्वतःच भरला होता. लग्नातले उरलेले फुगे होते, शिळे, जरा कडक झालेले. दोन माझ्यापुढे ठेवले. मग मान खाली घालून तो खायला लागला.